कंबरपट्ट्याचं बेबी कॅरियर, सात महिने वापरून : खांदा आखडलेल्या 47 वर्षांच्या बापाचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू अठ्ठावीस वर्षांच्या पोरांसाठी नाही. त्यांना कुठलंही कॅरियर, म्हणजे पोर अंगाला बांधून न्यायची पिशवी, द्या, त्यांची पाठ अजून त्यांचं ऐकते. मी 47 चा आहे, दीड वर्षापूर्वी उजवा खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर म्हणतात ते, चाळिशी ते साठीच्या मधल्या लोकांना गाठतंय, आमच्या ऑफिसात तिघांना झालंय. जवळचं वाचायला चष्मा लागतो. आणि मुलगी नऊ महिन्यांची आहे. अशा माणसानं कॅरियर घेताना काय बघायचं हे मला कुठं वाचायलाच मिळालं नाही. सगळे रिव्ह्यू म्हणजे कापड किती मऊ, रंग किती गोड, डिलिव्हरी दोन दिवसात आली. अरे पण ते पाठीमागचं बक्कल लावायचं कुणी?

मूल उशिरा का झालं ती गोष्ट लांब आहे, ती इथं नको. लग्न 37 व्या वर्षी, मग ट्रीटमेंट, दोनदा फसली, तिसऱ्यांदा लागू पडली, संपलं. एवढंच सांगतो की 2021 च्या कायद्यात या ट्रीटमेंटसाठी बाईला 50 आणि पुरुषाला 55 अशी वयाची वरची मर्यादा घातली आहे, आणि डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा कुठल्यातरी मर्यादेच्या आत आपण अजून बसतोय याचाच मला आनंद झाला, नाहीतर एमपीएससीपासून सगळीकडं आम्ही ओव्हरएजच.

तर कॅरियर. घरात तीन आले.

पहिलं ऑफिसच्या लोकांनी बारशाला दिलेलं, त्यांच्या प्रेमाबद्दल काही म्हणणं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, तसल्या एकाच साच्याच्या पिशव्या दहा नावांनी मिळतात. आपल्याकडं तिला सरसकट कांगारू बॅग म्हणतात. पातळ पट्टे, सगळं वजन खांद्यावर, कंबरेला आधार म्हणून काही नाहीच, आणि पोरीच्या दोन पायांच्या मधून चार बोटं रुंदीची एक पट्टी, त्यावर ती बसणार, म्हणजे बसणार कसली, लोंबकळणार. तिला घालून बालरोगवाल्या डॉक्टरबाईंकडं डोसाला गेलो तर बाईंनी आधी माझ्याकडं बघितलं मग पोरीच्या पायांकडं. म्हणाल्या, "काका, पाय असे सरळ खाली सोडायचे नाहीत, बेडकासारखे पाहिजेत." मग टेबलावर तिला झोपवून दाखवलं. मांड्या फाकलेल्या, गुडघे ढुंगणाच्या लेव्हलला किंवा जरा वरच, समोरून बघितलं तर इंग्रजी एम अक्षर दिसलं पाहिजे. पहिले काही महिने खुब्याचा सांधा अजून घडत असतो, म्हणून मांडीला एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार पाहिजे. दुसरं म्हणजे हनुवटी छातीला टेकता कामा नये, लहान बाळाची मान पुढं पडली की श्वासाची वाट दबते आणि ते रडत पण नाही. तोंड सतत आपल्याला दिसलं पाहिजे, आणि मान जरा खाली केली की पोरीच्या डोक्याचा पापा घेता यावा इतकी ती वर बांधायची. हे एवढं त्या बॅगेच्या बॉक्सवर कुठंच नव्हतं. बॉक्सवर गॉगल घातलेला एक फॉरेनर होता फक्त.

आणि माझी अडचण वेगळीच. त्या बॅगेचं बक्कल दोन फऱ्यांच्या बरोबर मधोमध येतं. डावा हात वरून पोचतो, उजवा खालून अर्ध्यात थांबतो. मी बेडरूममध्ये खाजवणाऱ्या म्हशीसारखा स्वतःभोवती फिरतोय आणि बायको हसून हसून लोळतेय असा पहिला आठवडा गेला. रोज तिलाच बक्कल लावायला लागायचं. आता गंमत बघा, मी पोरीला घेऊन बाहेर जाणार कशासाठी, तर रात्रभर जागलेल्या बाईला दोन तास झोप मिळावी म्हणून. आणि बाहेर जाण्यासाठी तिलाच उठवायचं. मग कशाला घेतलंय ते?

दुसरं म्हणजे ते लांब कापड, अंगाभोवती गुंडाळायचं. मेव्हणीनं पुण्याहून पाठवलं. ज्यांना जमतंय त्यांच्यासाठी चांगलं आहे, पोरगी त्यात शांत झोपायची हे मान्य. पण व्हिडिओ बघून गुंडाळायचं म्हटलं की चष्मा लावायचा, चष्मा लावला की पोरगी तो ओढणार, चष्मा काढला की व्हिडिओ दिसत नाही. कापडाचं एक टोक कायम मोरीत. त्यात एप्रिलची दुपार. आई खुर्चीतनं बघत होती, म्हणाली, "एवढे पैसे घालून झोळीच आणलास की रं. ऊसतोडीच्या बाया एका गाठीत बांधत्यात." आईचं बरोबर होतं, पण ती गाठ मला येत नाही आणि आईचे हात आता थरथरतात, त्यामुळं शिकायचं राहिलं.

तिसरं, म्हणजे ज्याचा हा रिव्ह्यू आहे ते, इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातनं स्वतः जाऊन घेतलं. ऑनलाइन तीनेकशे स्वस्त होतं, पण मला घालून बघायचं होतं, आणि नुसतं घालून काय कळणार, म्हणून घरातनं आजरा घनसाळची पाच किलोची पिशवी बरोबर नेली. दुकानातल्या पोरग्याला आधी वाटलं मी तांदूळ विसरून चाललोय. तांदूळ कॅरियरमध्ये घालून दुकानाच्या पायऱ्या चार वेळा चढ-उतर केल्या, दोन बायका बाळाची टोपी निवडायची सोडून माझ्याकडं बघत होत्या. लाज आता कुठं उरली आहे. पण त्या चार फेऱ्यांत जे कळलं ते सांगतो, ब्रँड सांगून उपयोग नाही कारण मॉडेल सारखी बदलतात.

कंबरपट्टा रुंद आणि कडक पाहिजे, साधारण वीतभर. वजन तिथं बसलं पाहिजे, खांद्यावर नाही. खांद्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे जाऊन बगलेखाली पुढच्या बाजूला लागणारे पाहिजेत, म्हणजे बक्कल डोळ्यासमोर येतं आणि आखडलेला खांदा वर करावाच लागत नाही. माझ्यासारख्यानं बाकी सगळं सोडून हे एकच बघावं, बायकोला हाक न मारता एकट्याला घालता येतंय का. नसेल येत तर ते फुकट मिळालं तरी घेऊ नका.

तो पोरगा चांगला होता, पण जाता जाता म्हणाला, "काका, गाडीवर पण चालतंय हे, बिनधास्त." नाही चालत. चार वर्षांखालच्या पोराला दुचाकीवर न्यायचं तर चालवणाऱ्याला जोडलेला वेगळा सेफ्टी हार्नेस लागतो, नऊ महिन्यांच्या पुढं हेल्मेट लागतं आणि गाडी 40 च्या वर न्यायची नाही, 2023 च्या फेब्रुवारीपासून तसा नियम आहे. हे कॅरियर म्हणजे तो हार्नेस नव्हे. पुढं बांधलेलं पोर म्हणजे पडलो तर पहिलं तेच खाली. मी त्याला हे सांगितलं तर हो हो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय सांगितलं देव जाणे.

आता वापर. पोरगी जन्मली तेव्हा दोन किलो चारशे होती आणि याच्या लेबलवर साडेतीन ते पंधरा किलो लिहिलंय, म्हणून साडेतीन पार होईपर्यंत थांबलो, दोन महिने गेले त्यात.

पहाटे सव्वापाचला पोरगी उठते. बायको म्हणते, "मी झोपतो आता, तुम्ही बघा हिला," आणि वाक्य संपायच्या आत घोरते. मी आधी कंबरपट्टा बांधतो, कॉटच्या कडेला बसतो, पोरीला छातीवर घेतो, पुढचा भाग तिच्या पाठीवरनं वर ओढतो, एक हात तिच्या ढुंगणाखाली, दुसऱ्यानं पट्टे फुली करून पुढं, टिक, टिक. आता चाळीस सेकंदात होतंय, पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं लागायची. बक्कलाचा आवाज मुठीत दाबता येतो, तिची झोप लागली असली तर त्यानं ती उठत नाही. उभं राहताना माझा गुडघा वाजतो त्यानं उठते. चपला कोल्हापुरी, त्यामुळं वाकायची भानगड नाही, पाय घातला की चालू. वाकायचं नाहीच, काही पडलं तर गुडघ्यातनं सरळ खाली बसायचं आणि तसंच उठायचं, कंबरेतनं वाकलात तर पोर पुढं लोंबतं.

रंकाळा घरापासून चालत दहा मिनिटं. पदपथावर त्या वेळी सगळे ओळखीचे, निम्मे शुगरवाले. आजोबा समजतात का? समजतात. पुढं.

त्या चालण्याबद्दल मात्र थोडं सांगायला पाहिजे. पोरगी छातीला कान लावून असते, शालिनी पॅलेसच्या बाजूला पोचेपर्यंत तिचा श्वास लांब व्हायला लागतो आणि हनुवटीखाली तिच्या टाळूचा वास, तेल आणि दूध मिसळलेला. आणि माझ्या डोक्यात त्या वेळी काय चालू असतं, तर हिशोब. रिटायरमेंट 58 ला, म्हणजे ही तेव्हा पाचवी-सहावीत. सुकन्याचं खातं पोस्टात काढलं, 21 वर्षांनी मॅच्युअर होणार, काउंटरवर फॉर्म भरताना मनात 68 लिहून झालं. एका रात्री आइसलँडच्या लोकांवरचा 2012 चा अभ्यास वाचत बसलो होतो, बापाचं वय एका वर्षानं वाढलं की पोराच्या डीएनएमध्ये साधारण दोन नवीन बदल जास्त, आणि मग माझ्या 47 मधून 27 वजा करून गुणाकार करत बसलो. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, बदल प्रत्येकात असतातच, त्यातले बहुतेक काही करत नाहीत, रात्रीचा फोन बंद ठेवा. तसा फोन आता खिशातच राहतो, कारण कॅरियर घातल्यावर पॅंटच्या खिशात हातच जात नाही, पट्ट्याखाली दबतो. हा तोटा का फायदा तुम्ही ठरवा.

खरे तोटे पण आहेत. माझं पोट सुटलंय, कंबर 40, त्यामुळं पट्टा बांधला की अर्ध्या तासात गुंडाळी होऊन पोटाखाली सरकतो आणि पोरगी चार बोटं खाली येते, मग रंकाळ्याच्या कठड्याला टेकून परत वर चढवायची. पोटाच्या वर, बरगडीला लागून बांधला तर टिकतो पण मग नाष्टा करून निघायचं नाही. घाम दोघांनाही भरपूर, मे महिन्यात माझ्या बनियनवर तिच्या आकाराचा ओला नकाशा. कॅरियरच्या टोपीला जे वेल्क्रो लावलंय ते उघडताना असा आवाज येतो की झोपलेलं पोर टुणकन उठलंच पाहिजे, हे डिझाइन करणाऱ्याला पोर नसणार. माहितीपत्रकातली अक्षरं मुंगीएवढी. पट्ट्यांची उरलेली टोकं लोंबतात आणि पोरगी ती चघळते, म्हणून रोज धुवायला लागतात आणि जाड फोम वाळायला पावसाळ्यात तीन दिवस.

आणि मिसळ. हे वैयक्तिक आहे पण लिहितो. रविवारी चालून झाल्यावर तालमीतली जुनी पोरं, पोरं म्हणजे पन्नाशीची, मिसळीला बसतात. "भावा, ती झोपलीय, बस की." बसलो. पोरगी छातीवर, समोर कट. पहिला घास घेताना लक्षात आलं की ताट आणि माझं तोंड याच्या मधल्या रस्त्यात तिचं डोकं आहे. चमचा वरून वळसा घालून न्यायचा प्रयत्न केला, एक थेंब तर्रीचा तिच्या टोपीवर पडला. टोपी होती म्हणून. गरम काहीही समोर असेल तर कॅरियर घालून बसायचं नाही, चहासुद्धा नाही आणि गॅसजवळ तर अजिबात नाही. तेव्हापासून दुसरा कुणीतरी पोरीला घेतो आणि मी खातो, किंवा मी नुसताच पाव खातो.

प्रॅम पण आहे घरात, सहा हजारची. महाद्वार रोडवर एकदा नेली, अंबाबाईच्या पायावर घालायला पोरीला नेत होतो तेव्हा. फूटपाथवर फुलवाले, खाली गाड्या, शेवटी प्रॅम मी डोक्यावर आणि पोरगी बायकोच्या कडेवर अशी आमची मिरवणूक देवळापर्यंत. आता ती गॅलरीत आहे, दुपटी वाळवायला उत्तम. नंतर पन्हाळ्याला मात्र कॅरियरवर गेलो, तीन दरवाजाच्या दगडी पायऱ्या दोन्ही हात मोकळे ठेवून उतरलो, एक हात कठड्याला, एक बायकोच्या.

किंमत साडेतीन हजार पडली. पाचपैकी चार, एक वेल्क्रोचा कापला. आता पोरगी आठ किलोच्या वर गेलीय आणि कंबर परवापासून बोलायला लागली, म्हणून तिला पाठीवर घ्यायचं शिकतोय, कॅरियर तेच, पट्टे उलटे. त्यात पोर पाठीवर चढवायला दुसरा माणूस लागतो असं पत्रकात दिलंय, म्हणजे परत बायकोला उठवणं आलं. सध्या घनसाळच्या पिशवीवर प्रॅक्टिस चालू आहे, एकदा फुटली.

ती पहिली कांगारू बॅग कुणी विचारली होती मेसेजमध्ये, देता का म्हणून. देणार नाही, कुणाच्या पोरासाठी तर नाहीच. आणि आता ती रिकामी पण नाही, आईनं स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलीय आणि पाय घालायच्या भोकांना गाठी मारून त्यात कांदे भरलेत. तीन किलो बसतात, हवा पण लागते.