रॉचेस्टरची बैठक की ऑबर्नचं अंगण?

न्यूयॉर्क राज्यात सुमारे शंभर किलोमीटरच्या अंतरावर दोन घरं आहेत. एक रॉचेस्टरमधलं, बायकांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनी यांचं; दुसरं ऑबर्नमधलं, गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या हॅरिएट टबमन यांचं.

सुझनबाईंचं घर म्हणजे मॅडिसन स्ट्रीटवरचं विटांचं साधं घर. १८७२ मध्ये, बायकांना मताचा हक्क नसताना, बाईंनी कायदा धुडकावून मत टाकलं आणि नोव्हेंबरमध्ये याच घराच्या बैठकीच्या खोलीत त्यांना अटक झाली. शंभर डॉलर दंड झाला, तो त्यांनी शेवटपर्यंत भरला नाही. गंमत म्हणजे आता मतदानाच्या दिवशी बायका माउंट होप स्मशानभूमीतल्या त्यांच्या थडग्यावर 'मी मत दिलं'चे स्टिकर चिकटवून जातात. खोल्या, वस्तू, किस्से हवे असतील तर इथेच जावं.

ऑबर्नला तसं नटवलेलं काही नाही, पण मला तेच जास्त भिडतं. गुलामगिरीतून पळालेल्या हॅरिएटनी १८५९ मध्ये सिनेटर विल्यम सीवर्ड यांच्याकडून इथली सात एकर जमीन घेतली. तेव्हा कायद्याच्या लेखी त्या अजून फरारीच! म्हाताऱ्या आईवडिलांना इथे आणलं, येईल त्याला आसरा दिला. पुढे शेजारची पंचवीस एकर लिलावात घेतली आणि ती चर्चला देऊन टाकली. तिथे १९०८ मध्ये वृद्धाश्रम उघडला आणि १९१३ मध्ये त्यांनी स्वतः तिथेच डोळे मिटले. या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळायला मात्र २०१७ उजाडलं.

एकच दिवस हाताशी असेल तर मी ऑबर्नची गाडी पकडेन.