दादाच्या नावावरचे पैसे आणि ‘शेवटची सूचना’

हे लिहायला वहिनींनीच सांगितलं. “माझं नाव घालू नकोस, पण झालं ते सगळं लिही. आपल्या ओळखीच्या बायकांना तरी कळू दे,” म्हणाल्या. म्हणून नावं गाळून बाकी सगळं लिहिते आहे.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. दादा नव्वदच्या दशकाच्या शेवटी एच-वन व्हिसावर अमेरिकेत आला. आधी टेक्सस, मग कॅलिफोर्निया. नोकऱ्या बदलल्या, भाड्याची घरं बदलली आणि मागे कुठे काय राहिलं याचा हिशोब त्यानं कधी ठेवला नाही. त्या धावपळीत कुणीच ठेवत नाही. तो गेल्यावर काही महिन्यांनी वहिनींच्या घरी एक पत्र आलं. जाड कागद, वर गरुडाचं चित्र, लाल अक्षरांत ‘शेवटची सूचना’. तुमच्या दिवंगत पतीच्या नावे राज्य सरकारकडे रक्कम पडून आहे, अमुक तारखेच्या आत दावा केला नाहीत तर ती कायमची बुडेल, असा मजकूर. खाली फोन नंबर. कुठल्याही सरकारी खात्याचं नाव मात्र पत्रात नव्हतं.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीनं बोलला. त्याला दादाचं मधल्या नावासकट पूर्ण नाव माहीत होतं. आम्ही सगळे विसरलो होतो त्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता त्यानं अचूक सांगितला. दादा पूर्वी ज्या कंपनीत होता तिचंही नाव घेतलं. वहिनींचा विश्वास बसला तो इथे. नवऱ्याला जाऊन वर्षही झालेलं नाही आणि एक परका माणूस त्याच्या तरुणपणीचा पत्ता सांगतो आहे, तेव्हा कुणाचाही बसेल.

आता ही माहिती त्याच्याकडे आली कुठून, हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक यावरच उभी आहे. विसरलेलं बँक खातं, न वटवलेला पगाराचा चेक, विजेचं डिपॉझिट, विम्याची रक्कम, शेअर, यांच्या मालकाशी ठरावीक काळ काहीच संपर्क झाला नाही, तर अमेरिकेत बँकेला किंवा कंपनीला ते पैसे राज्य सरकारकडे सोपवावे लागतात. कॅलिफोर्नियात हा काळ बहुतेक बाबतींत ३ वर्षांचा आहे, पगाराच्या बाबतीत १ वर्षाचा. पुढे राज्याचं कंट्रोलर कार्यालय, म्हणजे सरकारी हिशोब बघणारं खातं, ते पैसे सांभाळतं आणि मालकाला शोधता यावं म्हणून त्यांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवतं. नाव, शेवटचा माहीत असलेला पत्ता, पैसे कुणी जमा केले, रोख रक्कम किती, हे सगळं ‘क्लेमइट डॉट सीए डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतं. त्या माणसाला दादाबद्दल जे जे ठाऊक होतं, ते सगळं त्या यादीत होतं. वहिनींचं नाव बहुधा दादाच्या ऑनलाइन श्रद्धांजलीतून मिळालं असावं. आपला जुना पत्ता माहीत असणं हा सरकारी माणूस असल्याचा पुरावा नाही. त्यानं फक्त यादी वाचलेली असते.

पुढचं सगळं घाईघाईत झालं. ई-मेलवर करार आला, सही आजच्या आज हवी म्हणून दोनदा फोन आले. करारात त्यांचा वाटा ३० टक्के. पैसे किती आहेत, कुठल्या बँकेतून किंवा कंपनीतून आले आहेत, याचा कुठेच उल्लेख नव्हता. वहिनींनी विचारलं तर उत्तर मिळालं, “ते गोपनीय असतं मॅडम, फाइल उघडल्यावर कळेल.” कॅलिफोर्नियाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. राज्याकडे पडून असलेले पैसे शोधून देणाऱ्याला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. करार लेखी लागतो, आणि मालमत्ता कसली, किती किमतीची, कुणाच्या ताब्यात आहे, हे त्यात लिहावं लागतं. कायद्यात राहून हे काम करणारेही लोक आहेत, सगळ्यांना मी चोर म्हणत नाही. पण ३० टक्के मागणारा आणि मालमत्तेबद्दल अवाक्षरही न लिहिणारा कागद दाराबाहेरच ठेवावा. दुःखात असलेल्या बाईला हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं.

मग पैसे मागणं सुरू झालं. वारस असल्याच्या हमीचा बाँड म्हणून ८५० डॉलर, झेलवरून (बँक खात्यातून लगेच पैसे पाठवायची इथली सेवा). नंतर रक्कम मोकळी होण्याआधी कर भरावा लागतो म्हणून १,९०० डॉलर. मधल्या काळात सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारनं प्रत्येकाला दिलेला ओळख क्रमांक), ड्रायव्हिंग लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि पैसे जमा करण्यासाठी म्हणून बँकेचा खाते क्रमांक. राज्य सरकार दाव्यासाठी एक डॉलरही घेत नाही, आगाऊ कर मागत नाही. सोशल सिक्युरिटी नंबर आणि ओळखपत्राची प्रत मात्र खरा सरकारी अर्जही मागतो. त्यामुळे ‘नंबर मागितला म्हणजे चोर’ एवढं सोपं हे नाही. आपण तो कुणाला देतो आहोत, हे पाहावं लागतं. सरकारी संकेतस्थळावर आपण स्वतः जाऊन काढलेल्या अर्जावर देणं वेगळं, आणि आपल्याला शोधत आलेल्या माणसाला ई-मेलवर पाठवणं वेगळं.

१,९०० डॉलर गेल्यावर फोन बंद झाला. थोड्याच दिवसांत वहिनींच्या नावानं कुणीतरी क्रेडिट कार्ड काढल्याचं पत्र आलं, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. त्या रात्री त्या मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, “अगं, पण त्याला दादाचं सगळं माहीत होतं ना?” माझ्या मनात त्या माणसाबद्दल जो संताप आहे तो पैशांसाठी नाही. त्यानं एका बाईच्या नवऱ्याच्या आठवणींचा चावीसारखा वापर केला.

आधी आम्ही इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे वहिनींचं क्रेडिट गोठवलं, म्हणजे त्यांच्या नावानं कुणाला नवं कर्ज किंवा कार्ड काढता येऊ नये. २०१८ पासून हे देशभर मोफत आहे आणि ऑनलाइन लगेच होतं. ‘आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, त्यातून मिळालेला अहवाल कार्ड देणाऱ्या बँकेला पाठवला आणि पोलिसांत फिर्याद दिली. आपल्या नावानं दुसऱ्या कुणी कर विवरणपत्र भरू नये म्हणून आयआरएस या इथल्या केंद्रीय कर खात्याकडून ओळख पिन घेतला. बँकेचं खातं बंद करून नवीन उघडलं. खोटं क्रेडिट कार्ड रद्द झालं, पण झेलचे पैसे परत आले नाहीत. खात्यातून दुसऱ्यानं चोरून काढले असते तर गोष्ट वेगळी होती. तुम्ही स्वतः पाठवले आहेत, असं म्हणून बँकेनं हात वर केले.

हे आवरल्यावर मी वहिनींना शेजारी बसवलं आणि दोघींनी मिळून ती खरी यादी उघडली. पैसे खरोखरच होते. आपल्या लोकांनी लक्षात ठेवावं असं बरंच काही मला तिथे समजलं. दादाच्या खऱ्या नावाखाली एकच नोंद सापडली. बाकीच्या नोंदी आडनावाचं स्पेलिंग चुकवून, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाकून, नाव-आडनाव उलटं करून शोधल्यावर निघाल्या. आपली नावं इथल्या कारकुनांनी वाटेल तशी लिहून ठेवलेली असतात. बायकांनी माहेरच्या नावानंही जरूर शोधावं. शिवाय पैसे जातात ते मालकाचा शेवटचा पत्ता ज्या राज्यात होता त्या राज्याकडे. पत्ताच ठाऊक नसेल तर कंपनी ज्या राज्यात नोंदलेली असेल तिथे, म्हणून डेलावेअरमध्ये कधी पाय न ठेवलेल्या माणसाचे पैसेही डेलावेअरला सापडू शकतात. हा नियम सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी या खटल्यात घालून दिला. दादाच्या टेक्ससमधल्या विजेच्या डिपॉझिटची नोंद टेक्ससच्या यादीत निघाली. संघराज्याची अशी एकच एक यादी नाही. ‘मिसिंगमनी डॉट कॉम’ या संकेतस्थळावर बऱ्याच राज्यांत एकदम शोधता येतं, तेही फुकट, आणि राज्यांच्या या विभागांची राष्ट्रीय संघटना त्याला मान्यता देते. तरी ज्या ज्या राज्यात राहिलात, त्या प्रत्येकाचं स्वतःचं संकेतस्थळही बघा.

दावा आम्हीच भरला. मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला, वहिनींचं ओळखपत्र. रक्कम हजार डॉलरच्या वर असल्यामुळे सही नोटरीसमोर करावी लागली. कॅलिफोर्नियात नोटरीला एका सहीचे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात. दादाची मालमत्ता वारस ठरवण्यासाठी कोर्टात गेलेली नव्हती, म्हणून छोट्या रकमेच्या वारशासाठी कायद्यात असलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं. ते मृत्यूनंतर ४० दिवसांनी करता येतं. त्या तथाकथित बाँडचा यात कुठेच संबंध आला नाही. सगळ्यात अवघड गेलं ते जुन्या पत्त्याचा पुरावा मिळवणं. दादाच्या एका फायलीत जुना डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीनं दिलेला वर्षभराच्या पगाराचा आणि कराचा दाखला, सापडला म्हणून निभावलं. जुने डब्ल्यू-टू, पगाराच्या स्लिपा, बँकेची एखाद-दुसरी पत्रं फेकू नका. दाव्याचा निकाल द्यायला राज्याला १८० दिवसांपर्यंत मुदत आहे. आमचा चेक त्याआधीच आला, पूर्ण रकमेचा.

मुदतीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण घाबरवायचं काम तिच्याच जोरावर झालं. कॅलिफोर्नियात राज्याकडे आलेल्या रोख पैशांवर दावा करायला मुदतच नाही. मालक किंवा वारस कधीही मागू शकतो. खरं सरकारी पत्रही एखादे वेळी येतं आणि त्यात तारीखही असते, पण त्याचा अर्थ वेगळा असतो: पैसे अजून बँकेकडे किंवा कंपनीकडेच आहेत, या तारखेआधी त्यांना थेट कळवा, म्हणजे ते राज्याकडे जाणार नाहीत. कळवलं नाही तर पैसे राज्याकडे जातात, बुडत नाहीत. शेअरचं मात्र तसं नाही. राज्याकडे आलेले शेअर साधारण दीड वर्षानंतर विकून टाकतात, आणि पुढे तुम्ही दावा केलात तर विक्रीची रक्कम मिळते, भाव कितीही चढलेला असो. जुन्या कंपनीचे कर्मचारी योजनेतले शेअर जुन्या पत्त्यावर पडून असलेले कितीतरी इंजिनिअर आपल्यात आहेत. त्यांनी आजच त्या खात्यात जाऊन पत्ता बदलावा.

जिथे खरी मुदत आहे, त्या पैशांबद्दल तो माणूस एक शब्दही बोलला नव्हता. शहर आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांच्या तिजोरीतले न वटलेले चेक आणि परत न नेलेली डिपॉझिटं राज्याच्या यादीत सहसा दिसत नाहीत. कॅलिफोर्नियात ३ वर्षं कुणी मागितले नाहीत तर स्थानिक संस्था वर्तमानपत्रात सूचना देते आणि त्यानंतर ते पैसे तिचेच होतात. शहराच्या वित्त विभागाच्या आणि काउंटीच्या पानावर अशा याद्या असतात. घराच्या दुरुस्तीच्या परवान्यासाठी दादानं भरलेल्या डिपॉझिटचा परतावा आम्हाला तिथेच सापडला, वेळेत. कर थकल्यामुळे काउंटीनं घर लिलावात विकलं असेल तर थकबाकी वजा जाता उरलेल्या रकमेवर मालकानं किंवा वारसानं १ वर्षाच्या आत दावा करायचा असतो. ही रक्कम मोठी असते, त्यामुळे दलाल सगळ्यात जास्त इथेच घिरट्या घालतात आणि हक्कच स्वतःच्या नावे लिहून मागतात. तशी सही घेण्याआधी, तुम्ही काउंटीकडे थेट आणि फुकट दावा करू शकता, हे सांगणं कायद्यानं त्यांना बंधनकारक आहे. ही उरलेली रक्कम मूळ मालकाचीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये जेराल्डिन टायलर या ९४ वर्षांच्या बाईंच्या खटल्यात एकमतानं दिला. मिनेसोटातल्या हेनेपिन काउंटीनं १५,००० डॉलरच्या थकबाकीपोटी त्यांचं घर ४०,००० ला विकून उरलेले २५,००० ठेवून घेतले होते.

गेल्या महिन्यात वहिनींना पुन्हा फोन आला. वेगळा आवाज, वेगळं नाव. तुम्ही फसवल्या गेलात हे आम्हाला कळलं आहे, ते २,७५० डॉलर फेडरल ट्रेड कमिशनकडून, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीची दखल घेणाऱ्या केंद्रीय खात्याकडून, परत मिळवून देतो, फक्त थोडी नोंदणी फी भरा. रक्कम अगदी बरोबर होती, कारण एकदा फसलेल्यांची माहिती हे लोक एकमेकांना विकतात. फेडरल ट्रेड कमिशन परतावा देण्यासाठी कधीही पैसे मागत नाही. वहिनींनी फोन ठेवला, नंबर लिहून घेतला आणि आधीच्या तक्रारीला तो जोडून दिला.