पाइप, रेती, सिमेंट की विकतचं लोखंड? घरच्या व्यायामासाठी काय बनवावं, काय आणावं

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगाव-धुळ्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानांत नेहमीपेक्षा वेगळं गिऱ्हाईक दिसायला लागतं. हातात मोबाइल, त्यात परदेशातल्या कुठल्या तरी गॅरेजातल्या जिमचा व्हिडिओ, आणि विचारणा एकच: "भो, असं बनवाले किती लागतीन?" दुकानदार पाइपाचा किलोचा भाव सांगतो आणि गाडी तिथेच अडते. भावाआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. वस्तू मोडली तर ती कुठे पडेल? आणि तिचं वजन थोडं थोडं वाढवता येईल का? माझ्या मते घरी बनवायचं की विकत आणायचं, हे एवढ्यावरच ठरतं.

सिंगल बार: बनवाच, पण कुठे बसवायचा ते आधी ठरवा

बार घरी बनवण्यासारखा आहे, कारण तो विकतच्या बारपेक्षा चांगला बनू शकतो. लष्कराच्या अग्निवीर जीडी (जनरल ड्यूटी) भरतीच्या मैदानी परीक्षेत १० बीमला, म्हणजे पुल-अप्सना, ४० गुण मिळतात, त्यामुळे पोरांना आधी हाच हवा असतो.

पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा. हार्डवेअरच्या दुकानात 'एक इंची' मागितला की मिळतो तो बाहेरून ३३.७ मिमी भरतो. इंच हे नुसतं नाव. हाताच्या पकडीला हा बरोबर. पाऊण इंची म्हणजे २६.९ मिमीचा पाइप मुठीत जास्त छान बसतो, पण चार फुटांच्या अंतरावर टाकून त्याला लटकलात तर महिन्याभरात पोट काढतो. दोन-अडीच फुटांच्या बोळात चालेल. पाइपावरचा रंगाचा पट्टा बघा: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड. एक इंचीत निळ्याची जाडी ३.२ मिमी, लाल्याची ४. बारसाठी लाल्याचा हट्ट धरा आणि आधारांमधलं अंतर चार फुटांच्या आत ठेवा.

जागेचे पर्याय तीन. पहिला गच्चीचा. आपल्याकडे 'वरचा मजला पुढे बांधू' म्हणून कॉलमच्या सळया वर्षानुवर्षं आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. त्यांना पाइप बांधून लटकायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तोच सगळ्यात वाईट पर्याय. सळई बारा मिमीची, वरून गंजलेली. ती वाकली की माणूस सरळ कठड्यावर, नाहीतर कठड्यापलीकडे. दुसरा पर्याय भिंतीचा. काँक्रीटच्या बीममध्ये अँकर फास्टनर मारला तर उत्तम. साडेचार इंची विटांच्या भिंतीत मारला तर प्लास्टरसकट हातात येतो. धाब्याच्या जुन्या घरात सागाचा सर, म्हणजे आडवी तुळई, दिसायला दणकट असतो, पण टोकं भिंतीत मातीत गेलेली असतात आणि वाळवी तिथूनच सुरू होते. पाना घेऊन ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर नाद सोडा.

तिसरा, आणि अंगण असेल तर पहिला, पर्याय म्हणजे जमिनीत दोन खांब. दोन इंची पाइपाची एक लांबी वीस फुटांची येते. मधोमध कापली की दहा-दहा फुटांचे दोन खांब. बाहेरगावची माहिती वाचून लोक दोन फूट खड्डा घेतात. मुरमाड जमिनीत तेवढा चालेलही, पण तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा टाकते. दोन फुटांतले खांब एक पावसाळा गेला की एकमेकांकडे बघायला लागतात. काळ्या मातीत तीन फूट खोल जा, तळाला मुरूम ठोका, वर काँक्रीट भरा. मग बार सात फुटांवर येतो. उंच पोराला पाय दुमडून लटकावं लागेल, त्याने काही बिघडत नाही.

जोडासाठी आटे पाडलेला एल्बो की वेल्डिंग? आटे पाडताना पाइपाची जाडी कमी होते आणि जोर नेमका तिथेच येतो, म्हणून मी वेल्डिंगच्या बाजूचा. फक्त जीआयवरचा जस्ताचा थर जोडापाशी ग्राइंडरने काढायला सांगा. तो जळाला की त्याचा धूर वेल्डिंगवाल्याला रात्री थंडीताप आणतो. जोडावर नंतर रेडऑक्साइड मारायला विसरू नका.

सिमेंटचे डंबेल की लोखंडाच्या प्लेटा

इथे माझा कौल विकतच्या बाजूने. सिमेंटचे डंबेल स्वस्त पडतात, करायला मजाही येते, पण दोन्ही कसोट्यांवर कच्चे निघतात.

हिशोब सोपा: एक लिटर काँक्रीट साधारण २.४ किलो. एक लिटरचा रंगाचा डबा दोन्ही टोकांना भरला तर दांड्यासकट पाच-सव्वापाच किलोचा डंबेल होतो. चार लिटरचा एकेक डबाच साडेनऊ किलोच्या आसपास. म्हणजे पाचवरून पुढची उडी थेट वीसवर. मधलं काही हवं तर पुन्हा डबे, पुन्हा सिमेंट, पुन्हा आठवडाभर थांबा. खांद्याला एवढ्या उड्या झेपत नाहीत.

तरी करायचाच असेल तर पाइपाच्या टोकाला आडवं भोक पाडून बोल्ट घाला. नाहीतर सिमेंट सुकल्यावर गोळा दांड्यावर फिरायला लागतो आणि एक दिवस पायावर उतरतो. एक बाजू भरली की दुसरी दुसऱ्या दिवशी. सात दिवस ओलं बारदान गुंडाळून सावलीत ठेवा. भुसावळच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेला डबा भेगाळला तर दोष सिमेंटच्या कंपनीला देऊ नका. आणि छातीवर, डोक्यावर घ्यायच्या व्यायामाला सिमेंट कधीच नाही.

प्लेटा किलोवर मिळतात, बंद पडलेल्या जिमच्या जुन्याही मिळतात, आणि लोखंड जुनं झालं म्हणून हलकं होत नाही. दांड्यासाठी पोकळ पाइपाऐवजी स्टीलच्या दुकानातून २५ मिमीचा भरीव राउंड बार घ्या. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, की मीटरचं वजन किलोत मिळतं. सेंट्रिंगवाले सळईसाठी हेच सूत्र वापरतात. २५ मिमीला ते ३.८६ येतं, म्हणजे दीड मीटरचा दांडा पावणेसहा किलोचा. प्लेटेचं भोक आधी मोजून न्या.

भरतीच्या गोळ्याबद्दल मात्र चर्चाच नको. पुरुषांचा गोळा ७.२६० किलोचा, लोखंडाचा असला तर जेमतेम बारा सेंटिमीटरचा. तेवढ्याच वजनाचा सिमेंटचा गोळा अठरा सेंटिमीटरचा होतो. तो बोटांवर बसतच नाही. तळहातावर घेऊन ढकलायची सवय लागते आणि मैदानावर ती नडते. मुलींच्या ४ किलोच्या गोळ्याचंही तेच. चार जणांत मिळून एक खरा गोळा घ्या.

रेतीची गोणी की ट्रॅक्टरचा टायर

घरी बनवायच्या वस्तूंत बारच्या खालोखाल गोणीला मान. फुटली तर रेती सांडते, एवढंच. वजन मुठीमुठीने वाढवता येतं. खांद्यावर घ्या, मिठीत घेऊन चाला, बैठका मारा.

पण एक गफलत सगळीकडे होते. युरियाची गोणी ४५ किलोची, म्हणून ती रेतीने तोंडापर्यंत भरली तर ४५ किलो होईल असं वाटतं. रेती युरियाच्या दुपटीहून जड. भरलेली गोणी नव्वदीच्या पुढे जाते आणि उचलणाऱ्याची कंबर तिथेच बसते. वजन केळीच्या व्यापाऱ्याच्या नाहीतर किराणावाल्याच्या काट्यावर करून घ्या. रेती चाळून, उन्हात कोरडी करून, पाच-पाच किलोच्या जाड पिशव्यांत भरा, तोंडाला चिकटपट्टी गुंडाळा, आणि अशा पिशव्या गोणीत घाला. आज चार, पुढच्या महिन्यात पाच. वरची गोणी खताची नको. ती उन्हाने वर्षभरात भुगा होते. ताडपत्रीची शिवून घ्या, मोची शिवून देतो.

टायर पंक्चरवाल्याकडे बहुतेक फुकटात मिळतो, आणि फोटोत भारी दिसतो. पण त्याचं वजन आहे तेवढंच, ना कमी ना जास्त, आणि पावसाळ्यात आत पाणी साचून डासांची वसाहत होते. उलटवायला मोकळं मैदान असेल तरच आणा. हातोडा मारायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पीव्हीसी आणि ट्यूब

शेतावर ठिबकचे आणि पीव्हीसीचे तुकडे पडलेलेच असतात, म्हणून डिप्सचे छोटे स्टँड त्यांचेच करावेसे वाटतात. जमिनीपासून वीतभर उंचीचे, दंड मारायला, करा. त्याहून उंच नकोत. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतं, आणि तुटतं तेव्हा त्याची धारदार फाक निघते. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा रबर बँड चालतो, पण दर वेळी ताणून भेगा बघा आणि तोंडाच्या रेषेत कधी ओढू नका.

मुद्गल

व्हिडिओत दिसणारी गदा, म्हणजे काठीवर सिमेंटचा गोळा, मागे डोक्यावरून फिरवायची असते. मोडली तर कुठे पडेल, हे वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा सुताराकडून बाभळीच्या एकाच ओंडक्याचा मुद्गल खरादवर काढून घ्या. त्याला जोड नाही, म्हणून निखळायला काही नाही. तीन-चार किलोंची जोडी पहिल्या वर्षाला पुरते. लाकूड वाळलेलं असावं. ओल्या बाभळीचा मुद्गल उन्हाळ्यात तडकतो.

बेंच प्रेसचा स्टँड घरी वेल्ड करून द्या म्हणणाऱ्याला मी वेल्डिंगवाला असतो तर परत पाठवला असता. खाली माणूस झोपलेला, वर साठ किलो, आणि मध्ये दोन टाके. छातीच्या व्यायामासाठी गोणी पाठीवर ठेवून जोर मारले तरी भरपूर होतात.