नव्वद क्रेटचा हिशेब

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली. त्यामुळे भावकीत कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी माझ्याकडे येतात, चहा घेतात, माझं सगळं ऐकून घेतात आणि मग मनात ठरवून आलेली गाडीच घेतात. पुतण्याच्या पिकअपच्या वेळीही तसंच झालं. या खेपेला माझं निम्मं तरी टिकलं, म्हणून लिहायला बसलो.

जानेवारी २०२५ मध्ये महिंद्राची बोलेरो मॅक्स पिकअप एचडी घरी आली. २ टन पासिंग, म्हणजे कागदोपत्री तेवढाच माल भरायची मुभा, आणि माल ठेवायचा १० फुटी हौदा. तेव्हापासून ४३ हजार किलोमीटर झाले. काम ठरलेलं: हंगामात नारायणगाव भागातला टोमॅटो उचलायचा आणि आळेफाटा, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण करत पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला लावायचा. बाकीच्या दिवसांत कांदा, फ्लॉवर, कुणाची खताची पोती. परदेशात पिकअपच्या मागं ट्रेलर जोडून ओढतात म्हणे. आपल्याकडं ओढायचं काम ट्रॅक्टरचं. पिकअपनं ओढलंच तर टोचन लावून बंद पडलेली एखादी व्हॅन, तीही ओळखीच्या माणसाची असली तर.

पुतण्याला गाडी दाखवायला शोरूमवाल्यानं रिकामी पिकअप आणली आणि हायवेवर दोन किलोमीटर फिरवली. पुतण्या खूश. मी म्हटलं, बाबा, गोठ्यात बांधलेला बैल बघून शर्यतीचा बैल घेतोस का? रिकामी पिकअप सगळ्याच कंपन्यांची पळते आणि सगळ्यांचीच उड्या मारते. मागं एवढे जाड पाटे दिले आहेत ते माल बसल्यावर दबायला. रिकाम्या गाडीत कंबर हलली म्हणून गाडीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. गावात आणि शेजारच्या वाडीत ज्यांच्या गाड्या रोज भरून जातात, त्यांच्याबरोबर कॅबिनमध्ये बसून मार्केटला जायचं. तीन रात्री, तीन गाड्या. घरच्यांना वाटलं म्हाताऱ्याला रिटायरमेंट मानवली नाही.

पहिली अशोक लेलँडची बडा दोस्त. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, ८० हॉर्सपॉवर. २०२० मध्ये आलेली गाडी, गावात आणि बाजारात वळवायला सोपी. पण गुडघ्यापुढं लांब बोनेट असल्याशिवाय मला घाटात झोप लागत नाही. हा गाडीचा दोष नव्हे, माझी खोड आहे. हिचं एवढंच.

दुसरी टाटाची योद्धा २.०. ही मला मनापासून आवडली. २.२ लिटरचं इंजिन, १०० हॉर्सपॉवर, २५० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, आणि तो हजार आरपीएमपासूनच हाताशी. कागदावर हे आकडे सगळेच वाचतात. घाटात त्याचा अर्थ असा, की वळणावर गाडी मंदावली तरी ड्रायव्हरला लगेच गिअर खाली टाकावा लागत नाही, इंजिन गुरगुरत उचलतं. त्या रात्री ड्रायव्हरनं जेवढे गिअर बदलले त्यावरूनच मी मनात गाडी पक्की केली. क्लच प्लेटचं आयुष्य असंच वाढतं.

तिसरी पुतण्याच्या मनातली. महिंद्राचं अडीच लिटरचं इंजिन, पण ताकद ८० हॉर्सपॉवर आणि टॉर्क २२०. म्हणजे इंजिन मोठं आणि ताकद कमी. शहरातल्या माणसाला हे उलटं वाटेल. मला तसं वाटलं नाही. मोठ्या इंजिनाकडून जेमतेम काम घेतलं तर ते आरामात राहतं आणि जास्त वर्षं टिकतं, हे मी बसच्या इंजिनांत पाहिलं आहे. तरी माझं मत योद्धालाच होतं.

पुतण्या म्हणाला, ‘तात्या, तुमचं इंजिनाचं बरोबर असेल. पण रात्री दोनला घाटाखाली टोकावड्याला गाडी बंद पडून उभी राहिली तर कुठली गाडी उघडणारा फिटर झोपेतून उठेल?’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या पट्ट्यात बोलेरोचा सामान फाट्याफाट्यावर मिळतो आणि झाडाखाली बसणारा फिटरही ती डोळे मिटून उघडतो. जुनी विकायला काढली तरी गिऱ्हाईक घरी चालत येतं. ज्याच्या भागात दुसऱ्या कंपनीचं वर्कशॉप जवळ आहे, त्यानं हा मुद्दा माझ्यासारखा गिळू नये. त्यानं योद्धा भरून चालवून बघावी.

आता उताराविषयी, कारण पिकअप घेणारे सगळे चढाचं विचारतात. चढाला फार तर काय होईल, गाडी दमेल. माळशेज उतरताना, पावसाळ्यात, पुढं दहा फुटांवरचं दिसत नाही आणि धबधब्याखाली भिजायला आलेल्या मोटारी वळणावरच उभ्या असतात. अशा वेळी दोन टन मागून ढकलत असतात. तिन्ही गाड्यांत मी घाट संपल्यावर खाली उतरून चाकांपाशी हाताची पालथी बाजू नेऊन बघितली, वास घेतला. गाडीपेक्षा ड्रायव्हरचाच फरक कळला. ज्या ड्रायव्हरनं ज्या गिअरात घाट चढला असता त्याच गिअरात उतरवला, त्याची चाकं कोमट. एकानं डिझेल वाचवायला न्यूट्रल मारली होती, त्याच्या ब्रेकच्या ड्रमचा वास कॅबिनपर्यंत आला.

हे न्यूट्रलचं खूळ कसं जाईल कळत नाही. आताच्या इंजिनात गाडी गिअरात असताना ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन फिरतं ठेवायला ते चालू राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही. आणि कुणी शहाणा चावीच बंद करतो, त्याचा ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. पुतण्याला गाडीची चावी देताना मी त्याच्याकडून एवढीच एक शपथ घेतली.

गाडीतलं चांगलं सांगायचं तर ड्रायव्हरची सीट वरखाली होते. माझा पुतण्या साडेपाच फुटी आणि बदली ड्रायव्हर सहा फुटी, दोघांचं भागतं. पुढं ड्रायव्हर आणि दोघं असं पासिंग आहे, त्यामुळं शेतकरी स्वतः मालाबरोबर येतो म्हणाला तर पोलिसांना बघून खाली वाकवायला लागत नाही. मोबाइलवर गाडी कुठं आहे ते दिसायची सोय आहे. ती आम्हा पुरुषांपेक्षा वहिनी जास्त वापरतात. मुरबाडच्या पुढं गाडी दिसली की त्या झोपतात. भरून मला १२ ते १३चं अॅव्हरेज मिळतं, रिकामी येताना १५च्या पुढं.

बीएस-६ची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली, कुठलीही डिझेल गाडी घ्या, सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी मधूनमधून सलग, गरम चालावी लागते. आमची रात्रभर चालते, म्हणून डॅशबोर्डवर तिचा इशाऱ्याचा दिवा लागत नाही. ज्याला फक्त शेत ते गावातली सोसायटी एवढंच करायचं आहे, त्यानं नवीन डिझेल पिकअपच्या फंदात पडण्याआधी दोनदा विचार करावा.

मनस्ताप झाला तो हौद्यावरच्या जाळीचा. कंपनीचा हौदा बुटका, त्यावर क्रेटसाठी उंच जाळी बांधून घ्यावी लागते. बांधणाऱ्यानं भक्कम अँगल लावून दिले. मी जाळीच्या आधी आणि नंतर गाडी वजनकाट्यावर नेली तर १३२ किलोचा फरक. भरलेला क्रेट साधारण २२ किलो, म्हणजे सहा क्रेट नुसत्या लोखंडानं खाल्ले. पुतण्याचा हिशेब सरळ होता: दोन हजार भागिले बावीस, नव्वद क्रेट. त्यात जाळी, ताडपत्री, दोर काहीच धरलं नव्हतं. अँगल काढून पाईपची जाळी करून घेतली, पैसे दुसऱ्यांदा गेले. आता ८५ क्रेटवर थांबतो.

थांबतो म्हणजे थांबवावं लागतं. १० फुटी हौद्यात एका थराला २५ क्रेट बसतात आणि चौथा थर पूर्ण भरायचा मोह आडत्यापासून हेल्परपर्यंत सगळ्यांना होतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वर जादा टनामागं २ हजार दंड लिहिला आहे. दहा-पंधरा क्रेटच्या भाड्यात तो कुठून भरून निघणार?

कागदांचं थोडक्यात. गाडीचं भरलेलं एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर गेलात की लागतं. दोन टन पासिंगची गाडी वरच जाते. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, मग दर वर्षी. पुतण्याकडं साधं एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स, त्याची मला धास्ती होती. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं ७५०० किलोच्या आतली मालाची गाडी या लायसन्सवर चालवता येते असा निकाल दिला, आणि विम्याची चिंता मिटली. नशिबानं हात दिला तो तिथंच. पुढं २२ सप्टेंबर २०२५ पासून मालाच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि आमची गाडी आठ महिन्यांपूर्वीच घेऊन झाली होती. भाऊ अजून महिन्यातून एकदा ते काढतो.

चौथ्या थरासाठी मी एक उपाय केला आहे. जाळीला आतून, कॅबिनपासून दोन ओळी सोडून, पांढऱ्या ऑइलपेंटची उभी रेघ मारली. चौथा थर त्या रेघेपर्यंतच, म्हणजे दहाच क्रेट, आणि वजनही मागच्या धुरीच्या पुढं राहतं. परवा पुतण्यानं कोथिंबिरीचं भाडं धरलं. भरताना जुड्या रेघेच्या पार मागं फाळक्यापर्यंत गेल्या, तर हेल्परनं मला फोन करून विचारलं, ‘तात्या, कोथिंबिरीलाबी ही रेघ हाय का?’