शहाबादी फरशीवर रोबो अडला

मी चादरीच्या कारखान्यात जॉबर आहे. दिवसभर अडलेले माग उघडायचे आणि घरी येऊन पुन्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा, एवढी काही मला हौस नाही. पण सातवीतल्या पोराने हट्ट धरला, म्हणून काळ्या रेघेवरून आपोआप चालणाऱ्या गाडीचा संच ऑनलाइन मागवला, २१०० रुपयांना. डब्यावर छापलंय, तीस मिनिटांत तयार. आमच्या दोन सुट्ट्या गेल्या.

सामान बरं आहे. पिवळ्या गिअरमोटारी दोन, गाडीचा मेंदू म्हणजे अर्डुइनोचा बोर्ड, मोटारी चालवणारा लाल बोर्ड, रेघ ओळखणारे दोन आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर. स्क्रू मात्र अगदी मोजून दिलेत. पुस्तिका नुसती इंग्रजीत, पोरगा मराठी शाळेत, त्यामुळे चित्रं बघूनच जोडाजोड झाली. पहिल्यांदा चालू केली तर गाडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. एका मोटारीच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. मला दिसत होतं, पण गप्प बसलो. अर्ध्या तासाने त्यानेच शोधलं.

खरी गंमत फरशीची. पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे काळी टेप चिकटवली, गाडी ढिम्म. सेन्सर डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड सोडतो. पांढऱ्यावरून तो परत येतो, काळं त्याला गिळतं. आमची शहाबादी मुळातच करडी, त्यात वर्षानुवर्षांच्या तेलापाण्याने काळवंडलेली. सेन्सरला सगळं घरच काळी रेघ! शेवटी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी जोडून त्यांवर टेप मारली, सेन्सरवरचा बारका स्क्रू फिरवून नेम धरला, तेव्हा कुठे चालली. भर दुपारी अंगणात नेली तर पुन्हा येडी झाली, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतोच. आणि सोलापूरचं ऊन म्हणजे काय सांगायचं.

बॅटरीवर माझा राग आहे. सोबत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी देतात. दोन मोटारींना लागणारा करंट तिच्याने रेटत नाही, त्यात लाल बोर्डातच दीड-दोन व्होल्ट जातात. दहा मिनिटांत गाडी धापा टाकते आणि बोर्ड बंद-चालू होतो. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं, "नवीन बॅटरी टाका." मी ३.७ व्होल्टचे दोन लिथियम सेल, होल्डर आणि चार्जर वेगळे घेतले. हे सेल शॉर्ट झाले तर पेटू शकतात, म्हणून ते मीच बसवतो, पोराला हात लावू देत नाही.

मग त्याला विचारलं, चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाईल? त्याने चाकाला सूत गुंडाळून पट्टीवर धरलं, साडेवीस सेंटिमीटर भरलं. चाकाचा व्यास साडेसहा. भागाकार ३.१५.

"पप्पा, पुस्तकात ३.१४ आहे. सूत सैल राहिलं का?"

सैल सुताची शंका माझ्या पोराला यावी, ह्याचं मला जास्त कौतुक वाटलं. पाच फेऱ्यांत मीटरभर जाईल म्हणाला, आणि मोजायची टेप लावून बघितलं तर तेवढीच गेली.

परवा त्याला कारखान्यात जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारी भोकांची कार्डं दाखवली. भोक असलं की धाग्याचा हूक उचलला जातो, नसलं की नाही. तो लगेच म्हणाला, "आपल्या सेन्सरसारखंच की, पांढरं नाहीतर काळं." वीस वर्षं ती कार्डं हाताळतोय मी.

पाचपैकी तीन तारे. एक बॅटरीचा कापला, एक पुस्तिकेचा. एक स्क्रू कपाटाखाली गेला तो गेलाच, पण ती चूक आमची, त्याचे काही कापले नाहीत.