५५ इंची टीव्ही, साउंडबार आणि पांढरी भुकटी सोडणारी भिंत : नऊ महिन्यांनंतर

२०२५ च्या पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, पुण्यात वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ५५ इंची ४के टीव्ही आणि ३.१ चॅनलचा, म्हणजे तीन स्पीकर आणि एक सबवूफर (खर्जाच्या आवाजाचा डबा) असलेला, साउंडबार आला. त्याआधी दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. नवऱ्याने एक्सेल शीट केली, शोरूमच्या चार चकरा झाल्या. त्या शीटमधल्या निम्म्या रकान्यांचा आजवर काही उपयोग झालेला नाही आणि घरी जे घोळ झाले त्यांतला एकही त्या शीटमध्ये नव्हता. ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात, भिंती बदलत नाहीत.

तर भिंतीपासूनच सुरुवात. कंपनीचा माणूस टीव्ही लावायला आला, ड्रिल लावलं आणि भोकातून भसाभसा पांढरी भुकटी यायला लागली. त्याने हात थांबवला. ‘ताई, यात साधी गिट्टी धरायची नाही.’ विटेतून लाल भुकटी येते, काँक्रीटमधून करडी आणि एएसी ब्लॉकमधून, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यातून, ही अशी, खडूसारखी. ब्लॉक हलका आणि ठिसूळ, त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू पंधरा किलोच्या वजनाने हळूहळू सैल होतात. शेवटी सुताराला परत बोलावलं. त्याने १९ मिमीची प्लायची फळी एएसीच्या खास लांब फास्टनरने बारा ठिकाणी भिंतीला आवळली आणि त्या फळीवर टीव्हीचा ब्रॅकेट बसवला. नऊ महिन्यांत केसभरही हललेला नाही. त्याच फळीवर लूव्हर्सचं, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं, पॅनल चढवायचा सुताराचा आग्रह होता, तो मी मोडून काढला. त्या खाचांमधली धूळ कोण पुसणार?

उंचीवरूनही त्याच्याशी थोडं वाजलं. त्याला टीव्ही पाच फुटांवर हवा होता, कारण तो स्वतः उभा राहून बघत होता. मी रद्दीचे कागद चिकटवून ४८ बाय २७ इंचांचा चौकोन भिंतीवर केला आणि सोफ्यावर जाऊन बसले. बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून ४० इंचांवर येतात. स्क्रीनचा मध्य ४२ वर घेतला. मान दुखत नाही.

खरा मनस्ताप दिला तो पाइपने. इलेक्ट्रिशियनने केबलसाठी भिंतीत २५ मिमीचा पाइप टाकला होता. ‘केबल आरामात जाईल.’ केबल जातेच हो, एचडीएमआयचं डोकं जात नाही. सरळ भागात कसंबसं सरकलं आणि कोपऱ्याच्या बेंडला अडकून बसलं. तोवर रंग होऊन गेला होता. पुन्हा भिंत खणली, दोन इंची पाइप टाकला, काटकोनाऐवजी दोन तिरपे बेंड घेतले आणि पुढेमागे दुसरी केबल ओढायला आत नायलॉनची दोरी सोडून ठेवली. रंगाचा तो पट्टा अजून वेगळा दिसतो, विशेषतः दुपारच्या उन्हात.

ऊन हा आणखी एक न विचारलेला प्रश्न. आमची बाल्कनी पश्चिमेला. साडेचार ते सहा स्क्रीनवर सरकत्या काचेचं दार आणि त्यात आम्हीच दिसायचो. टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण चढवूनही फरक नाही. जाड, अस्तराचा पडदा शिवून घेतला तेव्हा ते थांबलं. त्याच पडद्याने दुसरंही एक काम केलं. गुळगुळीत टाइल्स, काच आणि मोकळ्या भिंती यांमुळे हॉलमध्ये आवाज घुमत होता, तो निम्म्यावर आला. उरलेलं काम सोफ्यापुढच्या जाड सतरंजीने केलं.

टीव्हीचं चित्र उत्तम आहे, काळा रंग खरंच काळा दिसतो. पण पॅनल व्हीए प्रकारचं आहे. समोरून सुंदर, कडेने बघितलं की रंग विटतात. आमच्याकडे टीव्ही समोरून कमी आणि कडेनेच जास्त पाहिला जातो. सासूबाई डायनिंग टेबलाशी भाजी निवडत बघतात, मी ओट्यापाशी. कडेनेही रंग टिकवणारं आयपीएस पॅनल घेतलं असतं तर काळा थोडा फिका चालला असता. शोरूममध्ये आपण सगळे अगदी मध्यभागी उभे राहतो, तिथे हे कळत नाही.

सासूबाईंची पहिली तक्रार मात्र निराळी होती. ‘जुन्या टीव्हीवर माणसं स्पष्ट दिसायची.’ त्यांचं बरोबर होतं. सेट टॉप बॉक्सवर साधे चॅनल होते, ७२० बाय ५७६ चे. ४के पडद्यावर त्यातल्या एकेका ठिपक्याचे वीस ठिपके होतात. एचडी पॅक घेतला, हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद केलं, मग त्या खूश.

आता आवाज. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर खाली तोंड करून असतात. गाणं दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे. ३.१ घेतला तो मधल्या स्पीकरसाठी, संवाद त्यातून येतात. दुकानदार वॅटचे आकडे सांगत होता, मी त्याला बातम्या लावायला सांगितल्या. तरी पहिले तीन आठवडे मजा नव्हती, ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. बसवणाऱ्याने साउंडबार चक्क ब्लूटूथवर जोडला होता! चार एचडीएमआय पोर्टांपैकी ज्याच्यावर ईएआरसी लिहिलंय, म्हणजे जे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवतं, त्यातच केबल हवी. ती घातली, टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम काढून पास-थ्रू केलं, म्हणजे टीव्ही आवाज न बदलता जसाच्या तसा पुढे पाठवतो, आणि संवाद एकदम पुढे आले. टीव्हीचाच रिमोट आता आवाजही सांभाळतो.

सबवूफर आम्ही कोपऱ्यात ढकलला होता. एका रविवारी खालच्या मजल्यावरचे काका आले, चहा घेतला, क्रिकेटवर बोलले आणि निघताना दारात म्हणाले, ‘तुमच्या सिनेमात आमच्या देव्हाऱ्यातली घंटी वाजते हो.’ कोपऱ्यात बास, म्हणजे खर्जाचा आवाज, फुगतो हे नंतर वाचलं. डबा कोपऱ्यातून बाहेर काढला, खाली जाड रबरी मॅट घातली, बास चार पायऱ्या उतरवला. काकांची घंटी आता फक्त काकाच वाजवतात.

पैशांचं एक शल्य आहे. टीव्हीला ६४,००० दिले, त्यात जीएसटी २८ टक्के. २२ सप्टेंबरला तोच १८ टक्के झाला. मूळ किंमत तीच धरली तर ५९,००० पडले असते. पाच हजार मुहूर्ताला वाहिले असं नवरा म्हणतो. पण थांबलो असतो तर गणपतीत टीव्हीच्या युनिटवर मखर आणि साउंडबारवर आरती हे त्या वर्षी झालं नसतं.

एक कटकट उरली आहे. रात्री साडेदहानंतर मोठे आवाज दाबणारा नाइट मोड लावायचा असं काकांना कबूल केलंय, आणि त्याचं बटण फक्त साउंडबारच्या रिमोटवर आहे. तो काडीपेटीएवढा रिमोट आजवर तीनदा हरवला. शेवटचा मेथीच्या देठांत सापडला.