क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोल शाम्पू: ॲलर्जी असलेल्या कुत्र्यासाठी काही महिने वापरल्यानंतर

सांगलीतला अख्खा पावसाळा आणि पुढची थंडी, एवढ्या वापरानंतर हे लिहितोय. कुत्रा लॅब्राडोर, वजन २८ किलोच्या आसपास, निदान ॲटोपी, म्हणजे धूळ-परागकण अशा भोवतालच्या गोष्टींची ॲलर्जी. शाम्पूत क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) २ टक्के, मायकोनाझोल (बुरशीनाशक) २ टक्के. बाटली घेताना कंपनीच्या नावाआधी हे दोन आकडे बघा.

हा शाम्पू ॲलर्जी बरी करत नाही. ॲलर्जीमुळे त्वचेचं वरचं आवरण कमकुवत होतं, कुत्रा चाटतो, ओरबाडतो आणि ओलसर राहिलेल्या जागी स्टॅफिलोकॉकस जिवाणू आणि मॅलॅसेझिया नावाची बुरशी माजते. या दोघांची खाज वेगळीच असते. शाम्पू तेवढी खाज काढतो. माझ्या मते त्याची खरी किंमत इथेच आहे, कारण संसर्ग गेल्यावर जी खाज उरते ती मूळ ॲलर्जीची. तोवर औषध किती लागेल हे डॉक्टरांनाही नीट ठरवता येत नाही.

ओळखायचं कसं? पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कान, काखा आणि जांघा खाजत असतील तर ॲटोपीचा संशय घ्यावा. ती बहुधा ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू होते. खाज शेपटीच्या बुडाशी आणि पाठीच्या मागच्या भागात असेल तर आधी पिसवा शोधा. केसांतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. आंबूस, तेलकट वास, काळवंडलेली जाड कातडी आणि चाटून तपकिरी झालेले पंजे ही बुरशीची खूण. पुटकुळ्या आणि कडेने सोलपटणारे गोल चट्टे जिवाणूंचे. कानाच्या कडा आणि कोपरं खाजत असतील तर खरूज असू शकते. तिथे शाम्पूवर विसंबून न राहता त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या.

आता वापर. निम्म्या लोकांचा शाम्पू इथेच वाया जातो.

पहिले ३-४ आठवडे आठवड्यातून दोनदा, मग त्वचेकडे बघून आठवड्यातून एकदा. पाणी साधं किंवा जेमतेम कोमट. गरम पाण्याने खाज वाढते. केस कातडीपर्यंत पूर्ण भिजवा. या वजनाच्या कुत्र्याला एका अंघोळीला ३०-४० मिली लागतो, म्हणजे २०० मिलीची बाटली पाच-सहा अंघोळींत संपते. खर्च धरताना हे लक्षात ठेवा. पंजे, काखा, जांघा आधी, पाठ शेवटी, म्हणजे त्रासाच्या जागी औषध सर्वात जास्त वेळ राहतं. मग घड्याळ लावून १० मिनिटं. अंदाजाने धरलेली १० मिनिटं सहसा चारच भरतात, आणि औषध कातडीवर टिकलं नाही तर उपयोग नाही. तेवढा वेळ कुत्र्याला चाटू देऊ नका. शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा.

आधी साध्या साबणाने धुवून लगेच हा लावण्याची चूक सर्रास होते. साबणाचा अंश राहिला की क्लोरहेक्सिडिन निकामी होतं. दुसरी चूक हळद-तेलाची. हळदीच्या गावात हा सल्ला प्रत्येक दारात मिळतो, पण मॅलॅसेझिया ही चरबीवर पोसणारी बुरशी आहे, आणि तेलाच्या थराखाली शाम्पू पोचतही नाही. तिसरी गोष्ट वाळवण्याची. जुलै ते सप्टेंबर कृष्णाकाठी अंगणच वाळत नाही, तिथे लॅब्राडोरचे दाट केस कुठून वाळणार? बोटांच्या बेचक्या आणि कानामागचा भाग सुती टॉवेलने टिपा, मग पंख्याखाली बसवा. ओल्या बेचक्या राहिल्या की अंघोळीचा फायदा दोन दिवसांत जातो. तो टॉवेल ब्लीचमध्ये टाकू नका, क्लोरहेक्सिडिनमुळे तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

डोळ्यांत आणि कानाच्या आत हा जाऊ देऊ नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडिनने आतला कान दुखावतो. कानाचं औषध वेगळं, तेही डॉक्टरांनी आत बघितल्यावरच.

वास दुसऱ्या-तिसऱ्या अंघोळीत गेला, पुटकुळ्या महिन्याभरात. पंजे चाटणं मात्र कमी झालं, थांबलं नाही. ती उरलेली ॲलर्जी. कॅलेंडरवर रोज रात्री खाजेला ० ते १० गुण लिहीत गेलात तर हा फरक स्पष्ट दिसतो. पुढचं, म्हणजे ऑक्लासिटिनिबसारखी खाज कमी करणारी गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टर त्या आकड्यांवरून ठरवतात. ही गोळी १२ महिन्यांखालच्या कुत्र्याला देत नाहीत.

शाम्पूच्या जोडीला पिसवांचा बंदोबस्त बारमाही लागतो. मानेवर टाकायचं औषध असेल तर ते आणि अंघोळ यांत किमान ४८ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर धुऊन जातं. पोटातून द्यायच्या गोळीला ही अडचण नाही.

वर्षभर, ऋतू न बघता खाज असेल तर अन्नाकडे वळा. आपल्याकडे दूध-भाकरी, चपाती आणि कोंबडीचं मांस हेच कुत्र्याचं जेवण, आणि दूध, गहू, कोंबडी हे तिन्ही कुत्र्यांच्या नेहमीच्या अन्न-ॲलर्जींत येतात. आधी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन घेऊन ८ आठवडे कडक पथ्य. मांसाच्या चवीची जंताची गोळीसुद्धा चालत नाही. मग जुनं अन्न परत देऊन खाज उलटते का पाहायचं. हे शेवटचं पाऊल लोक टाळतात, आणि मग सुधारणा पथ्याने झाली की पावसाळा सरल्याने, हे कळत नाही. पथ्य आणि नवं औषध एकाच आठवड्यात सुरू करू नका.

मांजरावर हा शाम्पू डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको; मांजर अंग चाटतं आणि क्लोरहेक्सिडिनने त्याची जीभ सोलवटू शकते. कुत्र्याचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध तर मांजराच्या जिवावर बेततं, म्हणून घरात दोन्ही असतील तर ते औषध विकतच घेऊ नका.